संत्र्याचे चार दिवस कोणाचे?

(गोंदिया येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोंदियात उभे राहून संत्र्यावर बोलायचे म्हणजे पंढरपुरात जाऊन गणपतीची आरती म्हणण्यासारखे आहे. इथला कास्तकार धानवाला. बाहेरून आलेले, आणि हे भाषण छापून ज्यांच्या हाती जाणार ते, बहुतेक कोरडवाहू पराटी आणि ज्वारीवाले. संत्र्याची बाग असलेले या मंडपात फार तर पाच-दहा जण निघतील. पण संत्रा तुमच्या दारावरून जातो. नागपूरहून रायपूरकडे जाणारा मोठा रस्ता, पूर्वीचा 6 नंबर आणि आताचा 53, साकोली सोडली की तुमच्या जिल्ह्यात शिरतो आणि कोहमारा, देवरी करत छत्तीसगडात उतरतो. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहार सुरू झाला की वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडचा माल याच रस्त्याने कोलकात्याकडे आणि पुढे बांगलादेशाच्या सीमेकडे निघतो. चार दिवसांचा प्रवास, सीमेवर रांग लागली तर त्याहून जास्त. ट्रक देवरीला पोचतो तेव्हा पेटीतला संत्रा टवटवीत असतो. सीमेवर पेटी उघडली की त्यातली काही फळे हिरव्या भुकटीने माखलेली असतात. त्या फळांचे पैसे कोणाच्या हिशेबातून वजा होतात हे मी सांगायला नको.

अलीकडे बऱ्याच जणांनी मला एक गोष्ट विचारली. काही कातरणे दाखवली, काहींनी मोबाइलवरची चित्रे दाखवली. एक प्रकारचा दिवा आहे, त्याच्या उजेडाखालून फळ नेले की ते जास्त दिवस टिकते, औषध नाही, वास नाही, डाग नाही. हे खरे आहे का? खरे असेल तर आपल्या गावात तो दिवा का नाही? आज मी एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे.

पण दिव्याच्या आधी दिवसांचे बोलू. ज्वारी आपण पेवात घातली, कणगीत भरली, तरी ती वर्ष काढते. कापूस घरात भरता येतो. 2021-22 च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला. पुढच्या वर्षी लोकांनी तोच भाव डोळ्यांसमोर ठेवून घराच्या खोल्या कापसाने भरल्या. भाव चढला नाही, उतरला, आणि लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली ती वेगळीच. तेव्हा माल टिकला म्हणजे भाव मिळालाच असे कोणी समजू नये. तरीही एक फरक आहे. थांबायचे की विकायचे हे कापूसवाल्याने ठरवले, चुकले तरी त्याने ठरवले. संत्रेवाल्याला ते ठरवायची सोयच नाही. फळ झाडावरून उतरले की साध्या हवेत आठ-दहा दिवसांत त्याचा कस जातो. मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तेव्हा तर ऊन चढलेले असते, दिवस आणखी कमी. व्यापाऱ्याला हे ठाऊक आहे. तो घाई करत नाही. घाई आपल्याला असते.

म्हणून फळाचे चार दिवस वाढले तर तो नुसता शास्त्राचा विषय राहत नाही. सौदा करताना कोणाच्या पायाखाली जमीन राहते, याचा तो विषय आहे.

आता संत्रा खराब होतो म्हणजे काय होते? आंबा, केळी, चिकू तोडल्यावर आढीत पिकतात. संत्रा तोडल्यावर पिकत नाही. रंग बदलेल, गोडी वाढणार नाही. झाडावर जे आत भरले तेच शेवटपर्यंत. तोडल्यावर त्याला दोनच गोष्टी होतात. एक, सालीतून पाणी उडते आणि फळ सुकते, आक्रसते. दुसरी, बुरशी लागते. सुकण्याला मेण चढवणे, गारवा आणि ओलसर हवा हे उपाय आहेत. बुरशीचे दुखणे मोठे आहे.

बुरशी तुम्हाला शिकवायला नको. कणसे भरली आणि परतीचा पाऊस चार दिवस बसला की संकरित ज्वारी कशी काळी पडते हे इथल्या प्रत्येकाने पाहिले आहे. दाणा भरलेला असतो, पण बाजारात त्याला कोंबडीच्या खाद्याचा भाव. संत्र्यावर मुख्य दोन बुरश्या येतात, हिरवी आणि निळी. त्यातही हिरवी जास्त उपद्रवी. या बुरशीचा एक स्वभाव लक्षात ठेवा. धडधाकट सालीतून ती आत शिरू शकत नाही, तिला जखम लागते. नखाचा ओरखडा, काट्याचे टोक, पेटीच्या खिळ्याचा खरचटा, ओढून तोडताना देठाशी फाटलेली साल, एवढे तिला पुरते. आत शिरली की आधी पांढरी, मग हिरवी भुकटी. ती भुकटी म्हणजे तिचे बी. एका सडक्या फळावर ते कोटींच्या हिशेबात असते आणि वाऱ्याच्या झुळकीने उडते. बागेत झाडाखाली पडलेली सडकी फळे आपण तशीच ठेवतो आणि त्यांच्याच शेजारी तोडलेल्या मालाचा ढीग घालतो. बियाण्याच्या पोत्याशेजारी नांगरलेले वावर ठेवावे, तसे हे झाले.

नागपुरी संत्र्याची साल सैल. हाताने सहज सुटते म्हणून जगभर खाणाऱ्याला तो आवडतो. 2014 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण तीच सैल साल वाहतुकीत त्याची वैरीण होते, कारण घट्ट सालीच्या मोसंबीपेक्षा तिला इजा लवकर होते.

आता दिव्याकडे येऊ. त्यात जादू काही नाही. तुमच्या घरी जी जुनी लांब ट्यूबलाइट होती, तिच्या पोटात थोडा पारा असे. वीज गेली की पाऱ्याच्या वाफेतून डोळ्याला न दिसणारा अतिनील उजेड निघायचा. काचेला आतून जी पांढरी पूड लावलेली असते, ती त्या उजेडाचे पांढऱ्या प्रकाशात रूपांतर करते. पूड काढून टाका आणि साध्या काचेऐवजी हा उजेड बाहेर सोडणारी काच वापरा, की तो अतिनील उजेड बाहेर येतो. पाणी शुद्ध करायच्या घरगुती यंत्रांत हीच नळी असते. दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या खोलीतही ती लावतात. या उजेडाच्या लहरीची लांबी 254 नॅनोमीटर. हा आकडा लिहून ठेवा, पुढे कामाचा आहे.

कोणी म्हणेल, अतिनील किरण उन्हातही असतात, मग फळ उन्हात ठेवले तर? ठेवू नका. या लांबीचे किरण सूर्यापासून निघतात खरे, पण वर ओझोनचा थर आहे तो त्यांना खाली येऊ देत नाही. जमिनीवर पोचतात ते दुसऱ्या जातीचे, सौम्य. उन्हात ठेवलेला संत्रा फक्त तापेल आणि सुकेल.

हा उजेड दोन कामे करतो. पहिले काम मारण्याचे. सालीवर बसलेल्या बुरशीच्या बियाण्यावर तो थेट पडला तर ते बी मरते. पाण्यात जंतू मरतात तसेच. पण उजेडाला सावली असते. बी सालीच्या खड्ड्यात असेल, फळाच्या पाठीमागे असेल, जखमेच्या आत उतरले असेल, तर उजेड तिथे पोचत नाही. म्हणून नुसत्या मारण्याच्या कामावर भरवसा ठेवला तर पदरी फारसे पडत नाही.

दुसरे काम जास्त मोलाचे. तोडलेले फळ आपण मेलेले समजतो. ते मेलेले नसते. ते श्वास घेते, त्याची साल जिवंत असते. या उजेडाची बेताची मात्रा सालीला बसली, की साल तो हल्ला समजते आणि स्वतःच्या संरक्षणाची तयारी करते. गाईला लस टोचल्यावर तिचे शरीर तयारी करते, साधारण तसा प्रकार. लिंबूवर्गातल्या फळांची साल अशा वेळी स्कोपरोन नावाचा पदार्थ तयार करते. निरोगी सालीत तो जवळजवळ नसतो. हा पदार्थ बुरशीला वाढू देत नाही. इस्रायलमधल्या बेत दागान इथल्या व्होल्कानी केंद्राच्या शास्त्रज्ञांनी, बेन-येहोशुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1992 मध्ये लिंबांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. हे लिंबू म्हणजे आपल्या कागदी लिंबाचा मोठा भाऊ. आधी 254 चा उजेड दिला आणि मग मुद्दाम हिरवी बुरशी टोचली, तर फळ सडण्यापासून वाचले. सालीत स्कोपरोन जितका जास्त, तितकी बुरशी कमी. पण आधी बुरशी टोचली आणि मग उजेड दिला, तर सड थांबली नाही.

हे शेवटचे वाक्य मी पुन्हा सांगतो, कारण सगळे मर्म त्यात आहे. उजेड आधी, बुरशी नंतर, तर फायदा. बुरशी आत शिरल्यावर उजेडाचा उपयोग नाही. सालीला तयारी करायला एक-दोन दिवस, कधी जास्त लागतात. चोर घरात शिरल्यावर कुलूप लावून काय होणार?

ही कल्पना ज्या ठिकाणी मोठ्या प्रमाणावर तपासली गेली त्यातले एक नाव तुम्हाला ओळखीचे वाटेल. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले टस्कीगी. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' ज्यांनी वाचले असेल त्यांना हे गाव माहीत आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर 1896 मध्ये तिथे गेले. चहूकडे कापूस, नुसता कापूस, आणि कापसाने थकलेली जमीन. त्यांनी त्या गरीब काळ्या शेतकऱ्यांना भुईमूग आणि रताळी लावायला सांगितले. त्याच टस्कीगीच्या विद्यापीठात 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून क्लॉझेल स्टीव्हन्स यांनी, अमेरिकेच्या कृषी खात्यातले चार्ल्स विल्सन यांच्या जोडीने, कांदा आणि रताळ्यावर अतिनील उजेड देऊन साठवणीतली सड कमी होते का ते पाहिले, आणि ती कमी झाली. नंतर हेच काम फळांवर गेले. कापसाच्या मुलखातल्या संस्थेने माल निघाल्यावरच्या दिवसांचा विचार केला, याचे मला अप्रूप वाटते. मी शेतकीची पदवी घेतली. पेरणीचे अंतर, खताच्या मात्रा, किडींची लॅटिन नावे, सगळे घोकून घेतले. माल वावरातून निघाल्यावर त्याचे काय होते याला वर्गात मोजकेच तास मिळाले.

मग इतके चांगले आहे तर जगातल्या सगळ्या संत्र्यांवर हा दिवा का नाही? कारण यात गोम आहे, एक सोडून चार.

मात्रा नेमकी लागते. ती मोजतात ज्यूलमध्ये. एका चौरस मीटरवर 10 वॅट ताकदीचा अतिनील उजेड पडत असेल आणि फळ पाच मिनिटे, म्हणजे 300 सेकंद, खाली असेल, तर मात्रा झाली 3000 ज्यूल, म्हणजे 3 किलोज्यूल. लिंबूवर्गातल्या फळांवर संशोधकांनी वापरलेल्या मात्रा साधारण अर्ध्या किलोज्यूलपासून आठ किलोज्यूलपर्यंत पसरलेल्या आहेत. एवढा मोठा फरक का? कारण प्रत्येक जातीची साल वेगळी. कमी पडली तर साल जागीच होत नाही. जास्त झाली तर साल भाजते, तपकिरी डाग पडतात, आणि भाजलेल्या सालीत बुरशी उलट लवकर शिरते. इटलीत सार्डिनियातल्या संशोधकांनी संत्र्यांवर पाहिले की जात बदलली, तोडणीचा काळ बदलला, की साल किती सोसते हेही बदलते. तेव्हा इस्रायलच्या लिंबाचा आकडा आणून वरूडच्या संत्र्याला लावायचा म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा घालून आपले वर्तमानपत्र वाचण्यासारखे आहे. आंबियाला वेगळा, मृगाला वेगळा, असे आकडे आपल्याच फळावर निघाले पाहिजेत.

फळ गोल, उजेड सरळ. सगळ्या बाजूंनी सारखी मात्रा बसायची तर फळ रुळांवर फिरत राहिले पाहिजे, वर-खाली दिवे पाहिजेत. पेटीत भरलेल्या मालावर दिवा धरला तर वरच्या थराच्या वरच्या बाजूला काय ते मिळेल. उजेड लागलेली साल तयारी करते, सावलीतली साल तशीच राहते.

तिसरी गोष्ट आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाची. नागपुरी संत्र्यात हिरव्या-निळ्या बुरशीबरोबर देठाकडून लागणारी कूजही मोठी आहे. ती तोडणीनंतर लागत नाही. ती बागेतून येते. झाडावर जी वाळलेली काडी राहते, जिला आपण सल म्हणतो, त्या सलीवर तिचे बी वाढते, पावसाच्या थेंबांबरोबर फळावर उतरते आणि देठाच्या बोंडीखाली दडून बसते. बाहेरून काही दिसत नाही. फळ पेटीत गेले, देठ वाळला, की ती आत उतरते. बोंडीखाली दडलेल्या या बुरशीवर अतिनील उजेड पडतच नाही. तिच्यावर इलाज एकच, पावसाळ्याआधी सल काढून जाळणे आणि बोर्डो मिश्रणाची फवारणी. त्याला वीज लागत नाही. कात्री आणि मजूर लागतात.

चौथी गोम पैशाची आहे. मोठ्या देशांत पॅकिंगच्या ठिकाणी थायाबेंडाझोल, इमॅझालिल ही बुरशीनाशके स्वस्तात मिळतात आणि काम करतात. म्हणून तिथल्या कारखानदाराला दिव्याची निकड वाटली नाही. आता चित्र बदलते आहे. कॅलिफोर्नियाच्या पॅकिंग घरांत या औषधांना न जुमानणारी हिरवी बुरशी सापडली. ग्राहकही अवशेष विचारू लागला. म्हणून उजेडाचा विचार पुन्हा वर आला आहे.

एक गैरसमज दूर करतो. लासलगावला अणुशक्तीवाल्यांचे केंद्र आहे, कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. 2007 मध्ये अमेरिकेला आंबा गेला तोही तिथूनच प्रक्रिया होऊन गेला. ते गॅमा किरण. ते फळाच्या आरपार जातात, त्याला जाड भिंती लागतात, सरकारचा परवाना लागतो. अतिनील उजेडाचे तसे नाही. तो सालीवरच थांबतो, आतल्या फोडीला शिवतही नाही. फळात काही शिल्लक राहत नाही. पण माणसाला तो घातक आहे, हे नीट ऐका. वेल्डिंगकडे बघितल्यावर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते ना, तसे डोळे येतात. कातडी भाजते. ही नळी उघड्यावर लावून तिच्याखाली बायकांना निवडाई करायला बसवणे हा गुन्हा समजा. दिवा बंद खोक्यात पाहिजे, झाकण उघडले की तो आपोआप विझला पाहिजे. फुटलेल्या नळीत पारा असतो, ती उकिरड्यावर टाकायची नाही.

2020 मध्ये कोरोनाच्या काळात बाजारात अतिनील दिव्याची खोकी, काठ्या, पेट्यांचा पूर आला होता. भाजी ठेवा, नोटा ठेवा, सगळे शुद्ध. त्यात चांगली थोडी आणि निळे बल्ब लावून विकलेली बरीच होती. निळा दिसणारा प्रत्येक दिवा 254 चा नसतो. खरा अतिनील उजेड डोळ्याला दिसतच नाही. नळीतून दिसते ती पाऱ्याची फिकट निळसर झाक. उद्या कोणी तुमच्या गावात 'संत्रा टिकवायचे मशीन' घेऊन आला, तर त्याला दोन गोष्टी विचारा. लहर किती नॅनोमीटर? फळाच्या जागी मात्रा किती, आणि ती मोजायचे मीटर कुठे आहे? मीटर नसेल तर चहा पाजून त्याला वाटेला लावा.

आता मूळ प्रश्नावर येतो. समजा, सगळे जमले. मात्रा सापडली, यंत्र बसले, संत्र्याचे चार दिवस वाढले. ते चार दिवस कोणाचे?

आपल्याकडे बरीचशी बाग झाडावर फळ असतानाच उभी विकली जाते. सौदा होतो, विसार मिळतो, तोडणी व्यापाऱ्याची माणसे करतात. त्यांना दिवसाला किती माल उतरवला यावर पैसे. ते फळ ओढणारच. देठाशी साल फाटणारच. अशा ठिकाणी दिवा बसला तर तो व्यापाऱ्याच्या गोदामात बसेल आणि वाढलेले चार दिवसही त्याच्याच गोदामात राहतील. कास्तकाराच्या वाट्याला विसाराची पावती. मी व्यापाऱ्याला शिव्या देत नाही. ज्याच्या हातात माल आणि वेळ दोन्ही आहेत तो कमावणार, हा बाजाराचा धर्म आहे. माझे म्हणणे एवढेच, की तोडणी, निवड आणि साठवण ज्या दिवशी उत्पादकांच्या कंपनीच्या किंवा सोसायटीच्या हातात येईल, त्या दिवशी दिव्याची गोष्ट काढा. वरूडला, कारंजा घाडगेला पणन मंडळाने संत्र्यासाठी केंद्रे उभी केली. धुणे, मेण, प्रतवारी, गारवा ही सोय जिथे चालती आहे तिथेच दिव्याचा एक टप्पा जोडता येतो. मेण चढवण्याच्या आधी, कोरड्या फळावर. जिथे धुण्याचे यंत्रच धूळ खात पडले आहे, तिथे दिवाही धूळच खाईल.

आणि सीमा बंद असेल तर चार दिवस काय कामाचे, हेही विचारायला हवे. बांगलादेश हा आपल्या संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक. त्याने 2019 पासून आयातशुल्क चढवत नेले. किलोला 20 टाकांवरून 2023 पर्यंत 88 टाका झाले. तिकडची मागणी आटली, माल नागपूरच्या कळमन्यात उलटला, भाव पडला. राज्य सरकारला शुल्काचा काही भार उचलण्याची घोषणा करावी लागली. फळ सडत नव्हते त्या दिवसांतही कास्तकार बुडत होता. तेव्हा टिकण्याचे दिवस आणि विकण्याची वाट, दोन्ही लागतात. पण वाट बंद झाली की दिवस हाताशी असलेला दुसरी वाट शोधू शकतो. दिल्ली, बंगळूर, जिथे असेल तिथे. ज्याच्या हाताशी दिवस नाहीत तो रस्त्यावर ओततो.

नागपूरला अमरावती रोडवर केंद्र सरकारची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे, 1985 पासून. तिथल्या शास्त्रज्ञांनी नागपुरी संत्रा 6 ते 7 अंश तापमानात आणि 90 ते 95 टक्के आर्द्रतेत सुमारे 45 दिवस ठेवता येतो हे दाखवून दिले आहे. त्या संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. मिलिंद लदनिया यांचा लिंबूवर्गीय फळांवरचा ग्रंथ 2008 मध्ये निघाला आणि जगभर वाचला जातो. म्हणजे ज्ञान आपल्या दाराशी आहे. आपण तिथे जाऊन एक सरळ मागणी करायची. आंबिया आणि मृग, दोन्ही बहारांच्या फळांना किती अतिनील मात्रा मानवते, किती दिवस वाढतात, किलोमागे खर्च किती, हा तक्ता आम्हाला मराठीत, एका पानावर द्या. अनुदानावर यंत्र नको, आधी तक्ता द्या.

तोवर काय करायचे? एक प्रयोग सांगतो, फुकटातला आहे. एकाच झाडाची दोनशे फळे घ्या. शंभर नेहमीसारखी ओढून तोडा. शंभर कात्रीने तोडा, देठ बोंडीशी साफ कापा, लांब ठेवू नका, नाहीतर तो शेजारच्या फळाला टोचतो. कात्रीवाली फळे टोपलीत टाकू नका, ठेवा. नखे कापलेली असू द्या. दोन्ही ढीग एकाच खोलीत, सावलीत, पोत्यावर वेगवेगळे पसरा. रोज सकाळी सडकी फळे मोजून उचला आणि भिंतीवर खडूने रेघा मारा. दहा दिवसांनी रेघा मोजा. मग प्रत्येक सडक्या फळाकडे बघा. सड कुठून सुरू झाली, अंगावरच्या जखमेतून की देठाकडून? अंगावरून असेल तर दोष तोडणीचा. देठाकडून असेल आणि हिरवी भुकटी नसेल तर दोष बागेतल्या सलीचा. दोन्ही ढिगांतल्या रेघांमध्ये जो फरक निघेल, तो तुमच्या बागेतला कात्रीचा फायदा. तेवढ्यासाठी कोणाच्याही दिव्याची वाट पाहायची गरज नाही.

मला खात्री आहे, की बहुतेक गावांत कात्रीनेच निम्मे काम होईल. दिवा त्यानंतरचा. जखमी फळावर लावलेला दिवा म्हणजे फुटक्या माठावर झाकण.

समोरून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. विचारतात, हा उजेड काळ्या पडलेल्या ज्वारीला चालेल का? ताई, नाही चालणार. ज्वारी काळी पडते ती कणसात, वावरात, दाणा ओला असताना. खळ्यावर येईपर्यंत बुरशी दाण्याच्या आत गेलेली असते. शिवाय दाण्यांच्या ढिगात उजेड फक्त वरच्या थराला लागणार, खालचे दाणे अंधारात. ज्वारीला उजेडापेक्षा वेळेवर कापणी आणि कोरडे खळे लागते. आणि पाऊस येणार असे दिसले तर कणसे आधी खुडून आडोशाला आणा, कडबा मागाहून कापला तरी चालतो.

दुसरी चिठ्ठी गोंदियाच्याच एका दादांची आहे. घरामागे कागदी लिंबाची चार झाडे आहेत, हाच प्रयोग लिंबावर करू का? जरूर करा. लिंबाच्या झाडाला काटे असतात, त्यामुळे ओरखडे जास्त निघतील आणि फरक लवकर दिसेल. पुढच्या बैठकीला येताना भिंतीवरच्या रेघा वहीत उतरवून आणा.